बांगडी ‘वाढते’, बाईचं काय?

मराठीत बांगडी फुटत नाही, ती ‘वाढवली’ जाते. डबीतलं कुंकू संपत नाही, ‘वाढतं’. दिवा विझवायचा नसतो, शांत करायचा असतो. घरातून निघणाऱ्यानं ‘जातो’ म्हटलं की आतून ‘येतो म्हण’ असा आवाज येतोच. रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही, लांबडं म्हणायचं. बोलण्याआधी शब्द निवडायची ही शिस्त आपल्याला कुणी वेगळी शिकवावी लागली नाही. प्रश्न एवढाच, की ही काळजी कुणासाठी घेतली जाते?

कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे 2022 मध्ये ग्रामसभेत एक ठराव केला. नवरा वारल्यावर बायकोचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला त्याच महिन्यात शंभर वर्षं होत होती. पुढे काही दिवसांतच राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनाही हाच मार्ग सुचवला.

ठरावानं हात आवरले. वाक्प्रचार मात्र तोंडात तसेच राहिले. अपघाताची बातमी सांगताना आजही ‘तिचं कुंकू पुसलं’, ‘कपाळ पांढरं झालं’ असं सहज म्हटलं जातं. या वाक्यांकडे नीट पाहावं. माणूस मेला आहे, पण तो वाक्यात कुठेच नाही. वाक्यात आहे बाईचं कपाळ. त्याच्या मरणाची बातमी तिच्या विटंबनेच्या भाषेत दिली जाते. म्हणजे हेरवाडनं जे बंद केलं, तेच आपण हात न लावता, नुसतं बोलून करतो.

बांगडीचं तर दुहेरी आहे. नवरा गेला की ती हातात ठेवायचा अधिकार नाही, आणि पुरुषाला भित्रा म्हणायचं असेल तर ‘हातात बांगड्या भरल्यात काय?’ मोर्चेवाले साहेबांना बांगड्यांचा आहेर करतात. कोल्हापुरात दोस्ताला प्रेमानं हाक मारायला जी शिवी वापरतात, तिच्या मुळाशीही विधवेला लावलेला शब्द आहे. ‘आमच्यात ती शिवी नव्हेच, माया आहे’ हे उत्तर खोटं नाही. बोलणारा आणि ऐकणारा दोघांनाही ते पटलेलं असतं. पण कट्ट्यावर चाललेलं बोलणं शेजारच्या दुकानातल्या बाईच्याही कानावर पडतं, आणि तिला कुणी विचारलेलं नसतं.

मग शब्द बदलून भागेल का? एप्रिल 2023 मध्ये तत्कालीन महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ वापरण्याचा प्रस्ताव मांडायला सांगितलं. टीका झाली, तेव्हा निर्णय झालेला नाही असा खुलासा आला. हेतू सन्मानाचा असेलही, पण लग्नपत्रिकांवर ‘गं. भा.’ पिढ्यानपिढ्या छापलं जातंच आहे. शब्द पवित्र आहे, काम तेच करतो: नाव वाचण्याआधी नवरा नसल्याचं कळवतो. विधुराच्या नावामागचं ‘श्री.’ मात्र बायको गेल्यावरही जागचं हलत नाही.

इथे आपल्या शिस्तीचं खरं रूप दिसतं. बांगडी ‘वाढते’ ती अशुभाच्या भीतीनं. ऐकणाऱ्याच्या मनाचा विचार त्यात नाही. विधवेलाच अशुभ ठरवल्यावर तिच्यासाठी मऊ शब्द शोधायचं कारण उरत नाही. शब्द निवडले गेले ते इतरांना तिच्यापासून जपण्यासाठी.

पण याच कोल्हापूरच्या गादीचा पाया घातला तो महाराणी ताराबाईंनी. 1700 मध्ये राजाराम महाराज गेले आणि त्यानंतर 1707 पर्यंत त्यांनी औरंगजेबाशी झुंज दिली. कावळा नाक्यावर त्यांचा घोड्यावरचा पुतळा आहे. त्यांना ओळखताना ‘विधवा’ हा शब्द कुणालाच लागत नाही, कारण त्यांनी काय केलं ते आपल्याला ठाऊक आहे. बाकीच्या बायकांबद्दल ते विचारायचे कष्ट आपण घेत नाही.

वाक्प्रचारांवर ठराव करता येत नाही, करूही नये. पण ‘तात्या वारले’ हे दोन शब्दांचं वाक्य मराठीत आहेच. त्यात गेलेला माणूस आहे, दुःख आहे, आणि मागे राहिलेल्या बाईचं कपाळ तिचं तिच्याकडे आहे. पत्रिकेचा मजकूर छापखान्यात देतानाही एवढंच करता येतं: ‘गं. भा.’ खोडायचं आणि तिचं नाव लिहायचं.