अभिरंजनाचा दोष आणि स्थिरीकरणाचे मौन

ऊतकविज्ञानावरील निबंधांत अभिरंजनाची कृती रंजकाच्या प्रमाणासह सविस्तर दिलेली असते. स्थिरीकरणाची बोळवण मात्र ‘फॉर्मॅलिनमध्ये ठेवले’ एवढ्यावरच होते. ही उणीव किरकोळ नव्हे. फेर्डिनांड ब्लूम यांनी १८९३ साली प्रसिद्धीस आणलेले हे द्रव्य ऊतकात शिरते त्वरेने, परंतु प्रथिनांशी त्याचे बंध जुळण्यास कित्येक तास लागतात. घाईने बाहेर काढलेल्या तुकड्यातील प्रथिने वस्तुतः पुढील अल्कोहोलातच साकळतात, आणि दूषण मिळते ते बिचाऱ्या हीमॅटॉक्सिलिनला! आम्लधर्मी फॉर्मॅलिनमुळे रक्तयुक्त भागात उमटणारे तपकिरी कण निदान डोळ्यांस दिसतात. प्रतिजन-परीक्षेतील हानी दिसतही नाही. स्तनाच्या कर्करोगात इस्ट्रोजेन-ग्राहक तपासताना ऊतक ६ ते ७२ तास स्थिर करावे, असे २०१० च्या अमेरिकी मार्गदर्शिकेने ठरविले. अपुऱ्या स्थिरीकरणाने ग्राहक नाही असे चुकीचे ठरले, तर रुग्णेस टॅमॉक्सिफेनसारखे उपयुक्त औषध नाकारले जाण्याचा संभव असतो. काल व सामू न नोंदवता ‘ग्राहक आढळला नाही’ असे लिहिणारा निबंध म्हणूनच अपूर्ण मानला पाहिजे. १९९१ नंतर रूढ झालेल्या तापन-प्रक्रियेचा हवाला येथे पुरेसा नाही. बंधांनी झाकलेला प्रतिजन ती बहुधा उघडा करते. स्थिरीकरणापूर्वीच नष्ट झालेला परत आणीत नाही.