वर्षाचे माप, मालिकेचे आयुष्य

दूरचित्रवाणी मालिका ही अनेक वर्षे उलगडत जाणारी कला आहे, तर तिला मिळणारे पुरस्कार वर्षाच्या मापाने दिले जातात. नामांकनांविषयी प्रेक्षकाच्या मनात दरवर्षी उसळणाऱ्या आनंदाचे आणि विषादाचे मूळ या दोन कालमानांतील तफावतीत आहे. अमेरिकेतील एमी पुरस्कारांचा इतिहास या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. 1949 साली लॉस एंजेलिस येथे प्रथम दिल्या गेलेल्या या पुरस्काराचे नाव जुन्या कॅमेऱ्यांतील ‘इमेज ऑर्थिकॉन’ या नळीच्या ‘इमी’ या लाडक्या नावावरून पडले. अंतिम मतदानापूर्वी निश्चित होणारी निवडक नावांची यादी म्हणजे नामांकने. ती ठरवणारी टेलिव्हिजन अकादमी ही व्यावसायिकांची संस्था असून तेथे अभिनेते अभिनेत्यांची, दिग्दर्शक दिग्दर्शकांची आणि लेखक लेखकांची निवड करतात, तर सर्वोत्कृष्ट मालिकेसाठी सर्व शाखांचे सदस्य मत देतात. प्रेक्षकाला मत नसते; परंतु पात्रांच्या सहवासात त्याने काढलेली वर्षे त्याला या निवडीविषयी उदासीन राहू देत नाहीत.

या तफावतीची सर्वांत मोठी किंमत ‘द वायर’ने मोजली. 2002 ते 2008 या काळात पाच पर्वांत आणि 60 भागांत प्रसारित झालेल्या या मालिकेने बाल्टिमोर शहरातील अमली पदार्थांचा व्यापार, बंदर, नगरशासन, शाळा आणि वृत्तपत्र अशा एकेका व्यवस्थेची पर्ववार मांडणी केली. पहिल्या पर्वात पेरलेल्या प्रसंगाचा अर्थ तिसऱ्या किंवा चौथ्या पर्वात उमगावा, अशी तिची रचना असल्यामुळे कोणत्याही एका वर्षाच्या तुकड्यातून तिची उंची पुरती दिसत नव्हती. तिला एमीची केवळ दोन नामांकने मिळाली, तीही पटकथालेखनासाठी, आणि पुरस्कार एकही मिळाला नाही. 2015 ते 2022 या काळातील ‘बेटर कॉल सॉल’ची कथा वेगळी, पण तितकीच बोलकी आहे: 53 नामांकने आणि एकही विजय नाही. किम वेक्सलर ही वकील साकारणाऱ्या रिया सीहॉर्न यांना या भूमिकेसाठी पहिले नामांकन थेट सहाव्या पर्वात, म्हणजे 2022 साली मिळाले. भुवई किंचित उचलून किंवा वाक्य अर्ध्यावर सोडून घडवलेला हा संयत अभिनय भागागणिक साठत जातो. अंतिम मतदानासाठी मात्र कलावंताला आपला एकच भाग सादर करावा लागतो, त्यामुळे स्फोटक प्रसंगाला जे सहज साधते ते अशा साठत गेलेल्या सूक्ष्मतेला साधत नाही.

वार्षिक माप आणखी एका कारणाने अपुरे पडू लागले आहे. एफएक्स वाहिनीच्या गणनेनुसार 2022 साली अमेरिकेत 599 पटकथाधारित मालिका प्रसारित झाल्या. इतके सारे पाहणे कोणाही मतदाराच्या आवाक्याबाहेरचे असल्याने मते ओळखीच्या नावांभोवती गोळा होतात. 2023 च्या नामांकनांत नाट्यमालिकांतील सहायक अभिनेत्यांच्या विभागातील आठही नावे ‘सक्सेशन’ आणि ‘द व्हाइट लोटस’ या दोनच मालिकांतून आली होती. त्या कलावंतांची गुणवत्ता वादातीत आहे. परंतु शेकडो मालिकांच्या वर्षात उत्तम सहायक अभिनय दोनच ठिकाणी घडला, हे मान्य करणे कठीण आहे. 2006 साली तर एलन बर्स्टिन यांना एका दूरचित्रपटातील अवघ्या 14 सेकंदांच्या दर्शनासाठी नामांकन मिळाले होते. काम पाहण्याआधी नाव पाहिले जाते, ही प्रेक्षकाची शंका अशा प्रसंगांनी बळावते.

असे असले तरी नामांकने निरर्थक ठरत नाहीत. 1981 साली सुरू झालेल्या ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ या पोलिसी मालिकेला आरंभी प्रेक्षक फार थोडे होते; त्याच वर्षी 21 नामांकने आणि आठ पुरस्कार मिळाल्यावर तिच्याकडे लक्ष वळले, ती 1987 पर्यंत चालली आणि अनेक कथासूत्रे समांतर चालवण्याच्या तिच्या पद्धतीने पुढच्या मालिकांना वाट करून दिली. ‘ऑर्फन ब्लॅक’मध्ये अनेक प्रतिरूप स्त्रिया एकटीने साकारणाऱ्या तातियाना मास्लानी यांची पहिल्या दोन पर्वांत उपेक्षा झाली, चाहत्यांनी आग्रह धरून ठेवला आणि 2015 साली नामांकन, तर 2016 साली पुरस्कार त्यांना मिळाला. यादीत नाव आल्याने कृतीला नवा प्रेक्षक लाभतो, म्हणूनच नाव वगळले जाणे चाहत्याला अन्यायासारखे जाणवते.

चाहत्याची निवडही निर्दोष नसते, कारण त्यानेही मोजक्याच मालिका पाहिलेल्या असतात आणि सहवासाने जडलेले प्रेम त्याच्या निर्णयात मिसळलेले असते. परंतु मतदाराला सहसा दुर्मीळ असलेली एक गोष्ट त्याच्याजवळ असते: आवडती कृती त्याने पहिल्या भागापासून अखेरच्या भागापर्यंत, वर्षांचा खंड सोसून, अखंड मनात वागवलेली असते. ‘द वायर’ला आज विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत स्थान आहे, ते अशा चिवट स्मरणामुळे. नामांकनांच्या यादीने वर्षाची नोंद ठेवावी. संपूर्ण मालिकेचा न्याय करणे हे समीक्षेचे काम आहे, आणि यादी पाहून चाहत्याला जे दुःख होते त्यात त्या समीक्षेचा पहिला, अजून शब्दांत न उतरलेला निर्णय असतो.