एक्स-फेस: 288 बाइटांच्या चेहऱ्याची चिकित्सा

जुन्या फॉरमॅटवर टीका करणं सोपं. ‘रंग नव्हता, चित्र ओबडधोबड होतं’ म्हटलं की झालं! पण ही समीक्षा नव्हे, आजच्या मोबाइलशी केलेली तुलना आहे. मग कसं तपासायचं? एक्स-फेस घेऊन बघू.

1990च्या आसपास जेम्स ॲश्टन यांनी घडवलेला हा फॉरमॅट. ईमेलच्या आणि यूझनेटवरच्या संदेशांच्या हेडरमध्ये पाठवणाऱ्याचा चेहरा बसवायचा, एवढंच त्याचं काम. 48 बाय 48 ठिपके, प्रत्येक काळा किंवा पांढरा. म्हणजे 2304 बिट, फक्त 288 बाइट. पण तेव्हाच्या मेलमधून साधी अक्षरंच खात्रीने पोचायची. मेलला चित्र जोडण्याची ‘माइम’ पद्धत 1992ची. म्हणून चित्राची एक अवाढव्य संख्या करायची आणि ती 94 साध्या चिन्हांत लिहायची.

खरी हुशारी त्याच्या आधीची. वरच्या आणि डावीकडच्या ठिपक्यांवरून पुढचा ठिपका कोणता, याचा अंदाज तयार तक्त्यांवरून बांधायचा. अंदाज चुकला तिथेच खूण. तक्ते चेहऱ्यांना सोयीचे, त्यामुळे चेहरा थोडक्यात मावतो आणि भलतीच नक्षी दिली की चिन्हं वाढतात. म्हणजे ‘नेहमीचं’ काय, हे फॉरमॅटने आधीच गृहीत धरलंय.

दोषही इथेच आहे. तक्ते संदेशात नसतात, प्रोग्रॅममध्ये असतात. प्रोग्रॅम नसेल तर संदेश जपला जातो, चेहरा मात्र चिन्हांचा कचरा दिसतो. नंतरच्या ‘फेस’ हेडरने तेवढंच चित्र सर्रास चालणाऱ्या पीएनजीत ठेवून हा दोष काढला.

हे आपल्याला परकं नाही. बेलापूर काय, पुणे काय, डीटीपीवर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला प्रबंध त्या फॉन्टशिवाय उघडून बघा: मराठीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी. एक्स-फेसचा प्रोग्रॅम निदान सोर्सकोडसकट खुला होता, म्हणून तो आजही उलगडता येतो. आपल्या अनेक फॉन्टांचे संकेत ज्याच्या त्याच्यापाशीच राहिले.

म्हणून माझं मत: एक्स-फेस अडचणीच्या मानाने उत्तम, पण एकट्याने टिकायला अपुरा. कुठलाही फॉरमॅट तपासताना तीन प्रश्न विचारा. अडचण काय होती? गृहीत काय धरलं? वाचायला आणखी काय लागतं? तिसरा प्रश्न आधी स्वतःच्याच मुलाखतींच्या फाइलींना विचारा. त्या युनिकोडमध्ये, साध्या टेक्स्टमध्ये ठेवा. तुमच्या खुणांचा अर्थ शेजारच्याच फाइलमध्ये लिहा. पाच वर्षांनी त्या उघडणारे बहुधा तुम्हीच असाल.