हनुवटी जरा वर, हनुवटी जरा खाली : ‘महेशिन्ते प्रतिकारम’मधला फोटोवाला



आज आपण एका फोटोवाल्याबद्दल बोलणार आहोत. खराखुरा नाही, सिनेमातला. चित्रपटाचं नाव ‘महेशिन्ते प्रतिकारम’, म्हणजे ‘महेशचा सूड’. मल्याळम आहे, फेब्रुवारी २०१६ मध्ये आला. दिलीश पोत्तन यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच चित्रपट. पटकथा श्याम पुष्करन यांची, कॅमेरा शायजू खालिद यांचा, आणि महेश झालाय फहाद फासिल. उत्कृष्ट मल्याळम चित्रपट आणि उत्कृष्ट मूळ पटकथा असे दोन राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाले. आम्ही शेवटासकट सगळं सांगणार आहोत. ज्यांनी अजून पाहिला नसेल त्यांनी आत्ताच माफ करून टाकावं.

वसईत बसून मल्याळम सिनेमा कशाला, असं कोणी विचारेल. एक तर वसई, नालासोपारा, विरार इथल्या कितीतरी सोसायट्यांमध्ये आपले शेजारी मल्याळी आहेत. दुसरं म्हणजे आपल्या पूर्वेला तुंगारेश्वरचा जो डोंगर दिसतो, तो ज्या सह्याद्रीचा, तोच पुढे दक्षिणेला उतरत उतरत केरळात इडुक्कीला जातो. सिनेमा तिथे घडतो, इडुक्कीतल्या ‘प्रकाश’ नावाच्या छोट्या गावात. फोटोवाल्याच्या गावाचं नाव प्रकाश! कोणा लेखकाने हे बनवलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच होतंय. पण गाव खरंच आहे, आणि पटकथा या नावावर एकदाही कोटी करत नाही. हा संयम आम्हाला आवडला.

गोष्ट साधी आहे. महेशचं ‘भावना स्टुडिओ’ नावाचं दुकान, वडील व्हिन्सेंट यांच्याकडून आलेलं. पासपोर्ट फोटो, लग्नं, अंत्यविधी. शेजारच्या दुकानातला बेबी हा जिवलग माणूस, आणि बेबीकडे नव्याने कामाला लागलेला क्रिस्पिन. एका फालतू भांडणातून दुसरं भांडण निघतं, महेश सोडवायला मधे पडतो आणि भर चौकात, सगळ्या ओळखीच्या लोकांसमोर, जिम्सन नावाच्या माणसाकडून बेदम मार खातो. मग तो शपथ घेतो : या माणसाला परत मारल्याशिवाय पायात चप्पल घालणार नाही. श्याम पुष्करन यांच्या गावाकडे असं खरोखर कोणी केलं होतं, तिथून ही गोष्ट निघाली. इकडे जिम्सन आखातात नोकरीला निघून जातो. सूड घ्यायला माणूसच जागेवर नाही. महेश अनवाणी, आणि दुकान तर रोज उघडायचंच आहे.

या सिनेमावर जे लिहिलं-बोललं जातं ते बहुतेक चपलेबद्दल असतं. चूक नाही. पहिल्याच दृश्यात महेश पाण्यात उभा राहून चप्पल इतकी निगुतीने घासतो की तिचं पुढे काहीतरी होणार हे कळतंच. पण आम्हाला वाटतं, सिनेमाचा खरा कणा म्हणजे स्टुडिओतली ती गिऱ्हाइकाला बसवायची जागा.

आठवा, महेश पासपोर्ट फोटो कसा काढतो. हनुवटी जरा वर. जरा खाली. डोळे उघडे. खांदे सैल. क्लिक. म्हातारा असो, पोरगा असो, मंत्र तोच. प्रेक्षागृहात इथे हशा येतो, आणि येणारच, कारण आपण सगळे त्या जागी बसून आलोय. ज्यांनी रोल धुवायला टाकून चार दिवस वाट पाहिली आहे, त्यांना हा आवाज ओळखीचा आहे. आमच्या लहानपणी वसईतल्या स्टुडिओत पडदा बाजूला करून आत गेलं की आधी आरसा, आरशाखाली दोरीला बांधलेला कंगवा, पावडरचा डबा. मग फोटोवाले काका येऊन दोन बोटांनी हनुवटी धरून चेहरा फिरवायचे. एरवी आपल्या हनुवटीला परक्या माणसाने हात लावलेला कोणी खपवून घेत नाही.

आता हा मंत्र म्हणजे काय? पटकथेचं उत्तर आहे : महेशला फोटो काढता येत नाही याचा पुरावा. वडिलांचं दुकान त्याने घेतलं, नजर घेतली नाही. हे कळतं ते जिम्सीमुळे. ही मुलगी (अपर्णा बालमुरली) मासिकात द्यायला फोटो काढून घ्यायला येते. महेश तिलाही त्याच मंत्रावर बसवतो. फोटो बघून ती तोंडावर सांगते की हे काही जमलेलं नाही. चौकातल्या माराने महेशची अब्रू गेली. जिम्सीच्या या एका वाक्याने मात्र त्याचा धंदाच पोकळ ठरतो. अब्रूचा सूड घेता येतो. ‘तुला तुझं काम येत नाही’ याचा सूड कोणावर घेणार?

मग तो वडिलांकडे जातो. व्हिन्सेंटच्या भूमिकेत के. एल. अँटनी आहेत, केरळच्या रंगभूमीवरचे मुरलेले नट. कमी बोलणारा, आपल्याच तंद्रीतला म्हातारा. ते पोराला काही धडे देत नाहीत. शिकवता येणार नाही, शिकावं लागेल, असा त्यांचा एकूण रोख. लेन्स, ॲपर्चर यांवर व्याख्यान नाही. महेश कॅमेरा घेऊन बाहेर पडतो आणि थांबायला लागतो. झाडापाशी, पाण्यापाशी, माणसांपाशी. आमच्या मते सिनेमातली सगळ्यात चांगली पाच-सात मिनिटं ही आहेत. इथे फहाद फासिलचे खांदे बदलतात. आधी तो कॅमेरा अवजारासारखा उचलायचा, पाना-पकड उचलावी तसा. आता उचलायच्या आधी बघतो.

आणि मग तो जिम्सीचा फोटो काढतो. तिच्या नकळत. तो मासिकात छापून येतो, ती खूश होते, प्रेम जमतं.

इथे आमचं भांडण आहे.

पटकथा म्हणते, जागेवर बसवून काढलेला फोटो खोटा आणि नकळत काढलेला खरा. ही समजूत नवीन नाही. आजकाल लग्नाचे फोटोवालेसुद्धा ‘कँडिड’चे वेगळे पैसे घेतात. पण त्या दोन फोटोंकडे जिम्सीच्या बाजूने बघा. पहिल्या वेळी ती स्वतः आली. तिला हवा तो कपडा घालून, हवा त्या दिवशी. फोटो बघितला, नापसंत केला, तसं बोलून दाखवलं. तो फोटो कसा आहे हे ठरवायचा अधिकार तिचा होता. दुसऱ्या वेळी बघणारा तो, निवडणारा तो, पाठवणाराही तोच. तिला कळलं तेव्हा ते छापून झालं होतं. फोटो सुंदर आहे हो, त्याबद्दल वाद नाही. पण डोंगरातल्या छोट्या गावातली मुलगी, सगळे सगळ्यांना ओळखणारे, आणि कोणी नकळत काढलेला फोटो मासिकात. घरात काय बोलणं झालं असेल? चित्रपट तिथे फारसा थांबत नाही. ज्या पटकथेला चौकातली फालतू वादावादी कशी पेटते याचा एकेक धागा दाखवायला वेळ आहे, तिला यासाठी दोन मिनिटं नव्हती, हे खटकतं.

जागेवर बसवणं म्हणजे खोटेपणा, हेही आम्हाला मान्य नाही. मालीची राजधानी बामाको इथे सेदू केइटा नावाचा फोटोग्राफर होऊन गेला. १९४८ मध्ये त्याने स्टुडिओ टाकला. पाठीमागे नक्षीची चादर, गिऱ्हाइकाला हातात धरायला रेडिओ, मनगटाला घड्याळ, टेकायला स्कूटर. सगळं मांडलेलं. आणि तरी त्या माणसांचे चेहरे बघा, आपण कसं दिसायचं हे ज्याने त्याने स्वतः ठरवलंय. महेशच्या मंत्रात चूक मांडण्याची नाही, सगळ्यांना एकच मांडणी वापरण्याची आहे. हा फरक पटकथेच्या हातून निसटला.

डोंगरातलंच उदाहरण हवं असेल तर स्वित्झर्लंडमधल्या ब्लेनिओ खोऱ्यातला रॉबेर्तो दोनेत्ता आहे. हा बियाणं विकायचा. गावोगाव बियाण्याची पेटी घेऊन चालत जायचा आणि सोबत कॅमेरा. लग्न, अंत्ययात्रा, शाळेतली मुलं, शेतावरची माणसं. उघड्यावर कापड टांगून त्यापुढे लोकांना बसवायचा. आयुष्यभर गरिबीच, १९३२ मध्ये वारला. जवळजवळ पाच हजार काचेच्या प्लेटा मागे राहिल्या, आणि जगाला त्या पुन्हा दिसल्या १९८०च्या दशकात. दोनेत्ताची माणसं थेट कॅमेऱ्याकडे बघतात. नकळत काही नाही. बियाणं विकत घेणारा आणि फोटो काढून घेणारा माणूस एकच, त्याच्याशी परत पुढच्या हंगामात गाठ पडायचीय. अशा ठिकाणी फोटोवाल्याला चोरून बघणं परवडत नाही.

महेशच्या रोजच्या कामातली ही बाजू चित्रपटाला कळते ती अंत्यविधीच्या प्रसंगात. शवपेटीभोवती घरचे लोक गोळा झालेत, आणि फोटोवाला त्यांना सरकवतोय. रडणाऱ्यांना सांगतोय, जरा इकडे. आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत, आणि इतर घरांतही, हे दृश्य परकं नाही. आमच्या ओळखीच्या एका घरात असा फोटो आहे. त्यातले काही भाऊ आयुष्यात पुन्हा एका चौकटीत आले नाहीत, जमिनीच्या वाटणीवरून बोलणं तुटलं. त्यांना खांद्याला खांदा लावून उभं केलं होतं फोटोवाल्याने. महेशही तेच करतो, आणि करता करता त्याची नजर गर्दीत सौम्याला शोधते. दुसऱ्याच्या दुःखात उभं राहून स्वतःचं प्रेम चालू ठेवणारा माणूस. तो निर्दयी नाही, कामावर आहे. हे इतक्या हलक्या हाताने दाखवलंय की आपण हसतो आणि मग थोडं ओशाळतो. नंतर हीच सौम्या परदेशातल्या स्थळाशी लग्न करते.

डोंगरांबद्दल एक. सुरुवातीचं इडुक्कीवरचं गाणं सोडलं तर शायजू खालिद हिरवाईचं कॅलेंडर करत नाहीत. चढ-उतार दिसतात ते माणसांच्या चालण्यातून, आणि महेश अनवाणी झाल्यावर तर प्रत्येक खडा दिसतो. पुढे हाच चित्रपट तमिळमध्ये ‘निमिर’ म्हणून आणि तेलुगूत आराकूच्या डोंगरात नेऊन पुन्हा झाला. डोंगर नेता येतात. रस्त्यावरच्या बघ्यांचे चेहरे नेणं अवघड.

शेवटी जिम्सन परत येतो. तोवर कळलेलं असतं की जिम्सी त्याची बहीण. तरी मारामारी होतेच, चिखलात लोळून, कुठलाही रुबाब नसलेली. महेश जिंकतो. मग तो दवाखान्यात जिम्सनला भेटायला जातो आणि तिथेच त्याच्या बहिणीला मागणी घालतो. सगळे हसतात. आमचं लक्ष मात्र वेगळीकडे गेलं. नकळत फोटो काढणारा माणूस या वेळी समोर उभा राहून, नाव-गाव सांगून विचारतोय. जिम्सीला जसं विचारायला हवं होतं तसं तो तिच्या भावाला विचारतो. पटकथेने हे मुद्दाम केलं की सहज झालं, याबद्दल आमच्यातच एकमत नाही.

जाता जाता वसईतलं एक काम. मोबाइल आल्यापासून आपल्याकडचे जुने स्टुडिओ एकेक करून झेरॉक्सची, नाहीतर मोबाइल रिचार्जची दुकानं झाले. त्यांच्या माळ्यावर निगेटिव्हच्या पेट्या आहेत. कोणाचं लग्न, कोणाचं बारसं, कोणाचा शेवटचा फोटो. पावसाळ्यात त्यांना बुरशी लागते आणि मग रद्दीवालासुद्धा घेत नाही. तुमच्या ओळखीत असे कोणी काका असतील तर त्यांच्याकडे जाऊन बसा. पेटी उघडण्याआधी त्यांना विचारा. आणि फोटोतल्या माणसांपैकी जे हयात आहेत, त्यांनाही.

आता प्रश्न घेऊ या. मागे बसलेल्या ताई, तुमचा हात मघापासून वर आहे.