ओबाबा गांव आणि आमचा मराठवाडा

भाषेचा अभिमान दोन प्रकारचा असतो. एक कुळाचा आणि दुसरा कर्तृत्वाचा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हां नांदेड-लातूरकडील सुशिक्षित घरांतूनही आनंद झाला, व तो होणें योग्यच होतें. परंतु त्या आनंदांत कुळाचा भाग किती व कर्तृत्वाचा किती, हा हिशोब ज्यानें त्यानें आपल्याशीं मांडून पाहण्यासारखा आहे. तो मांडावा असें आम्हांस एका परक्या पुस्तकामुळें वाटलें. तें पुस्तक म्हणजे बास्क लेखक बेर्नार्दो अचागा यांचें ‘ओबाबाकोआक’. १९८८ सालीं तें बास्क भाषेंत प्रसिद्ध झालें आणि पुढच्याच वर्षीं त्यास कथात्म वाङ्मयाचें स्पेनचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. मूळ बास्कवरून लेखकानेंच त्याचें स्पॅनिश केलें व त्या स्पॅनिशवरून मार्गारेट जल कॉस्टा यांनीं इंग्रजी. आम्हीं वाचलें तें हें तिसऱ्या हातचें. तेव्हां मूळच्या भाषाशैलीविषयीं निवाडा देण्याचा अधिकार आमच्याकडे नाहीं. कथावस्तु, रचना आणि लेखकाचा हेतु यांविषयींच बोलतां येईल.

बास्क लोक कोण, हें प्रथम सांगितलें पाहिजे. फ्रान्स आणि स्पेन यांच्या सीमेवर, पिरेनीज पर्वताच्या पश्चिम टोकाशीं, समुद्राला लागून त्यांचा मुलूख आहे. त्याचे सात प्रांत. चार स्पेनमध्यें व तीन फ्रान्समध्यें. त्यांची भाषा एउस्कारा. युरोपांतील बहुतेक भाषा कोणत्या ना कोणत्या कुळांत बसतात; हिला मात्र आप्त सांपडलेले नाहींत. लॅटिन त्या बाजूस पोहोंचण्यापूर्वींपासून ती तेथें नांदते आहे. व्याकरण मराठी वाचकाला अगदींच अनोळखी वाटणार नाहीं. ‘माणूस आला’ आणि ‘माणसानें भाकर खाल्ली’ या दोन वाक्यांत आपण कर्त्याचें रूप बदलतों, तसेंच तेही बदलतात. पहिल्या वाक्यांत ‘गिसोना’, दुसऱ्यांत ‘गिसोनाक’. आपल्या खेड्यांतील जुनीं माणसें पन्नास न म्हणतां ‘दोन विसा नि दहा’ म्हणत. बास्क भाषेंत पन्नासासाठीं जो शब्द आहे त्याचाही अर्थ नेमका ‘दोन विसा नि दहा’ असाच आहे. एवढ्यावरून त्यांचें आपलें नातें जोडण्याचा मोह कोणीं धरूं नये. दूरदूरच्या भाषांना अशा लकबी स्वतंत्रपणें जडत असतात. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट निराळी आहे. बास्क माणूस स्वतःला ‘एउस्काल्दुन’ म्हणवितो. म्हणजे ज्याच्यापाशीं एउस्कारा आहे तो. रक्त, धर्म किंवा राजा यांवरून हें नांव पडलेलें नाहीं. तें भाषेवरून पडलें आहे.

अशा या लोकांचा इतिहास फार काळ दुसऱ्यांनींच लिहिला. सन ७७८ मध्यें शार्लमेन बादशहा स्पेनहून परतत असतां रोंसेस्व्हायेसच्या खिंडींत बास्कांनीं त्याच्या पिछाडीच्या सैन्याचा फडशा पाडला. पुढें तीनशें वर्षांनीं त्या लढाईवर फ्रेंच भाषेंत ‘रोलांचें गीत’ हें वीरकाव्य झालें, तेव्हां त्यांतून बास्क नाहींसे झाले व त्यांच्या जागीं मुसलमान फौज आली. बाराव्या शतकांत सांतियागोच्या यात्रेकरूंसाठीं लॅटिनमध्यें जें मार्गदर्शक पुस्तक तयार झालें, त्यांत बास्क लोकांस रानटी व वाटमारे ठरविलें आहे. आणि नवल असें कीं, बास्क शब्दांची एक जुनी यादी आपणांस त्याच पुस्तकांत मिळते. बास्क भाषेंतील पहिलें छापील पुस्तक १५४५ सालचें, एचेपारे नांवाच्या धर्मोपदेशकाच्या कवितांचें. १६४३ मध्यें आशुलारचा ‘गेरो’ हा गद्यग्रंथ झाला. असे ग्रंथ थोडे, व त्यांतले बहुतेक धर्मपर. १८७६ सालीं स्पेनमधील बास्क प्रांतांचे जुने हक्क गेले. २६ एप्रिल १९३७ रोजीं फ्रँकोच्या मदतीस आलेल्या जर्मन व इटालियन विमानांनीं गेर्निका गांव बेचिराख केलें. फ्रँको १९७५ पर्यंत जगला, आणि त्याच्या राज्यांत शाळा व कचेरी या दोन्ही जागा या भाषेला बंद झाल्या.

येथवर वाचल्यावर मराठवाड्यांतील वाचकाला आपले आजे-पणजे आठवल्यावांचून राहत नाहीं. निजामाच्या राज्यांत सुमारें निम्मी प्रजा तेलुगू बोलणारी, चौथा हिस्सा मराठी, आणि उर्दू मातृभाषा असणारे दहांत एक. तरी कचेरीची भाषा उर्दू. ‘तहतानिया’च्या खालच्या वर्गांत मराठी चाले, ‘वस्तानिया’ व ‘फोकानिया’ या पायऱ्या चढतांना ती मागें पडे. आ. कृ. वाघमारे यांचें ‘मराठवाडा’ साप्ताहिक संस्थानाबाहेर पुण्यास छापावें लागे. अशा काळांत हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा व अंबाजोगाईचें योगेश्वरी विद्यालय यांनीं जें केलें, त्याच जातीचें काम १९४० नंतरच्या दशकांत सान सेबास्तियान शहरीं एल्बिरा सिपित्रिया या शिक्षिकेनें आपल्या राहत्या घरांत मुलें जमवून केलें. त्यांतूनच पुढें ‘इकास्तोला’ नांवाच्या बास्क शाळांचें जाळें वाढलें.

साम्य खरें आहे. परंतु तें येथेंच संपतें, हें कबूल करण्याचा प्रामाणिकपणा आपण दाखविला पाहिजे. निजामी राजवटींत मराठी पीडित होती, पण अनाथ नव्हती. अंबाजोगाईस मुकुंदराज व दासोपंत यांचीं नांवें घरोघर होतीं. नामदेवांची नरसी आमचीच. वामनपंडितांस नांदेड आपलें मानीत आलें. शिवाय सीमेपलीकडे पुण्यामुंबईस छापखाने, मासिकें व नाटकमंडळ्या होत्या. आमच्या मुलाला शाळेंत मराठी मिळाली नाहीं, तरी रात्रीं देवळांत ज्ञानेश्वरी ऐकूं येई. अचागांच्या मागें असें घर नव्हतें. १९५१ सालीं जन्मलेल्या या मुलाला आपल्या बोलीचा श्रीमंत वारसा होता, पण ग्रंथांचा वारसा एका फळीवर मावेल एवढाच. त्या भाषेला सर्वमान्य असें प्रमाण लेखनही १९६८ सालीं आरान्त्सासूच्या मठांत भरलेल्या पंडितांच्या बैठकीपासून मिळूं लागलें.

‘ओबाबाकोआक’ची खरी गोडी या दारिद्र्याच्या जाणिवेंत आहे. पुस्तकाच्या नांवाचा अर्थ ओबाबाचीं माणसें, ओबाबाच्या गोष्टी. ओबाबा हें कल्पित खेडें. तेथें मुलांना सांगतात, गवतांत निजूं नका, सरडा कानांत शिरेल आणि वेड लागेल. ही साधी धाकाची समजूत घेऊन लेखक एक धागा असा लांबवितो कीं, शेवटीं ज्याला आपण शहाणा निवेदक समजत होतों त्याच्याच कानाविषयीं आपल्याला शंका येऊं लागते. एस्तेबान वेर्फेलची कथा तर दीर्घकाळ मनांत राहणारी. चर्चमध्यें भोंवळ आलेल्या मुलाला हांबुर्गच्या एका मुलीचें दर्शन होतें; तिच्याशीं त्याचा पत्रव्यवहार सुरू होतो; त्या पत्रांच्या ओढीनें तो भाषा शिकतो, पुस्तकें वाचतो, खेड्याच्या कुंपणाबाहेर पडतो. पुष्कळ वर्षांनीं कळतें कीं, तीं पत्रें त्याच्या बापानेंच लिहिलेलीं होतीं. ही फसवणूक क्षम्य कीं अक्षम्य, याचा निकाल लेखक देत नाहीं, आणि तेंच योग्य आहे. कारण बापाच्या प्रेमाइतकाच ओबाबाविषयींचा त्याचा तिरस्कारही त्या पत्रांत उतरलेला आहे.

तिसऱ्या भागांत वाङ्मयचौर्य कसें करावें याविषयीं एक मिस्कील प्रकरण आहे. निवेदकाला स्वप्नांत ‘गेरो’कार आशुलार भेटतो. आपली भाषा त्याला लहानशा बेटासारखी दिसते. ज्या भाषेला पूर्वज कमी, तिनें जगांतल्या कथा उचलाव्या व आपल्या कराव्या, असा एकंदर उपदेश. थट्टेच्या आड अचागांची वाङ्मयीन भूमिका येथें उघडी होते. ‘आमची भाषा युरोपांत सर्वांत जुनी’ ही फुशारकी बास्क लेखकाला अगदीं हाताशीं होती. त्यानें ती मारली नाहीं. जगांत सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी माझ्या भाषेंतही सांगतां येतात, एवढें त्यानें करून दाखविलें. कुळाच्या अभिमानाचें कर्तृत्वांत रूपांतर होतें तें असें.

दोष नाहींत असें नाहीं. तिसरा भाग लांबला आहे. गोष्टींत गोष्ट गुंफण्याचा खेळ मधूनमधून केवळ खेळ राहतो, आणि बगदाद व इतर दूरच्या मुलुखांत हिंडतांना ओबाबाचीं माणसें दृष्टीआड होतात. ज्या हुकूमशाहींत लेखक वाढला तिचें ओझेंही येथें जेमतेम जाणवतें. तें ओझें त्यांनीं पुढें २००३ सालच्या ‘अकॉर्डियनवाल्याचा मुलगा’ या कादंबरींत उचललें, हें त्यांच्या बाजूनें सांगितलें पाहिजे.

आतां प्रश्न असा, कीं या आरशांत मराठवाड्यानें स्वतःला कोठें पाहावें? आमचें उत्तर असें, कीं बास्कांच्या जागीं आज आपण नाहीं. ती जागा आपल्याच जिल्ह्यांत दुसऱ्यांची आहे. नांदेड जिल्ह्याच्या किनवट-माहूर भागांत कोलाम, गोंड व बंजारा लोक राहतात. कोलामी व गोंडी या द्राविडी कुळांतल्या. बंजाऱ्यांची गोरबोली राजस्थानी भाषांना जवळची. तरीही जनगणना तिला हिंदीच्या पोटांत घालते, म्हणजे स्वतःचें नांव असून खानेसुमारींत तिला नांव नाहीं. याहून थेट उदाहरण हवें तर विदर्भांत बुलढाणा जिल्ह्याच्या जळगांव-जामोद तालुक्यांतील निहाली भाषेचें घ्यावें. तिलाही कोणत्याच कुळांत निश्चित जागा मिळालेली नाहीं. डच पंडित कायपर यांनीं १९६२ सालीं तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. बोलणारे फार तर कांहीं हजार. आपल्या मराठी मुलुखांतली एउस्कारा ही, आणि आपल्यापैकीं बहुतेकांनीं तिचें नांवही ऐकलेलें नसतें.

यात्रेकरूंच्या पुस्तकाची गोष्टही आपल्याकडे घडलेली आहे. १८७१ च्या कायद्यानें कित्येक जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. तो कलंक १९५२ सालीं कागदावरून पुसला गेला. त्या जमातींची हकीकत पोलिसांच्या दप्तरांतच वाचावयास मिळे. लातूर तालुक्यांतील धनेगांवच्या लक्ष्मण गायकवाडांनीं १९८७ सालीं ‘उचल्या’ लिहून ती घरच्या बाजूनें सांगितली, व पुढच्या वर्षीं साहित्य अकादमीनें त्या ग्रंथाचा गौरव केला. यांत मराठीचाही सन्मान झाला. पण अशी हकीकत कोलामीत कोणीं लिहिली, तर ती छापील कोण, वाचील कोण, आणि त्या मुलाला आपल्या भाषेंत अक्षर गिरविण्याची संधि पहिलींत मिळाली होती काय?

कोणी म्हणेल, मराठी शिकल्यावांचून त्या मुलाचें पोट भरणार नाहीं. खरें आहे, आणि मराठी शिकवूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु हेंच वाक्य उर्दूविषयीं आमच्या आजोबांनीं ऐकलें होतें. १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठानें इंग्रजीचें जोखड झुगारून सर्व उच्च शिक्षण उर्दूंत देण्यास आरंभ केला. देशी भाषेंत शास्त्रें शिकविण्याचा तो धाडसी व स्तुत्य प्रयोग होता. चूक एवढीच, कीं एका भाषेचें जोखड उतरवितांना तें दुसऱ्या भाषांच्या मानेवर पडतें आहे, हें कोणीं पाहिलें नाहीं. १७ सप्टेंबर १९४८ नंतर आमच्या मानेवरचें तें उतरलें. किनवटच्या तांड्यांतल्या व पोडांतल्या मुलाला आज मराठी शाळा कशी दिसत असेल, याचा विचार करण्यास आपल्याइतका लायक दुसरा कोण आहे?

असा विचार फुकट जात नाहीं, याला बास्कांचाच पुरावा आहे. स्पेनमधील तीन बास्क प्रांतांस १९७९ सालीं स्वायत्तता मिळाली, १९८२ च्या कायद्यानें शाळा व कचेरी भाषेला पुन्हां उघडल्या. १९९१ सालीं तेथील सोळा वर्षांवरच्या लोकांत बास्क बोलणारे शेंकडा सुमारें २४ होते. २०२१ मध्यें ते सुमारें ३६ झाले. उलट फ्रान्समध्यें त्याच भाषेला आजही राजमान्यता नाहीं, आणि तेथें बोलणाऱ्यांचें प्रमाण याच काळांत घटलें. भाषा तीच, डोंगर तेच. फरक शाळेचा व कायद्याचा.

नांदेडच्या विद्यापीठास स्वामी रामानंद तीर्थांचें नांव आहे. हिप्परग्यास व अंबाजोगाईस मुलांना शिकवितांना स्वामीजींनीं जी निष्ठा दाखविली, तिला अनुसरून कोलामी व गोरबोलींतील कथा त्या भाषेंत व शेजारीं मराठींत अशा छापण्याचें काम या विद्यापीठास शोभेल; आणि तीं पुस्तकें विकत घेऊन मुलांसमोर वाचण्याचें काम आपल्यासारख्या कुटुंबांस. मराठी अभिजात ठरली, तें तिच्या कुळाला मिळालेलें मानपत्र आहे. माहूरच्या डोंगरांतला एखादा ओबाबा ज्या दिवशीं आपल्याच बोलींत लिहिला जाईल आणि मराठी वाचक त्याचें भाषांतर मागून घेईल, त्या दिवशीं तिच्या कर्तृत्वाच्या बाजूसही एक रक्कम जमा होईल.