जिजाईची चप्पल

पौराणिक किंवा संतपट म्हटला की बोलणं लगेच चमत्कारांवर येतं. साहजिकच आहे ते. दादासाहेब फाळक्यांनी १९१९ साली 'कालिया मर्दन'मध्ये आपल्याच मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण केलं आणि पडद्यावर नागाशी झुंजवलं. लोक ते बघायलाच यायचे. पण आम्हांला आज चमत्काराबद्दल नाही, देवाशी बोलण्याच्या भाषेबद्दल बोलायचं आहे.

'प्रभात'चा 'संत तुकाराम' घ्या. १९३६ सालचा, दामले-फत्तेलालांचा. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम सगळ्यांच्या लक्षात राहतो. पण चित्रपट जमिनीवर कोण ठेवतं? गौरीबाईंची जिजाई. पोर आजारी, घरात दमडी नाही, नवरा भजनात. ती चप्पल घेऊन थेट विठोबावर चालून जाते! प्रेक्षकाला यात देवाचा अपमान दिसत नाही. का? कारण विठोबाशी भांडणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. आपल्या संतांनीही त्याला खडे बोल सुनावलेत. ज्याच्यावर हक्क असतो, त्याच्याशीच माणूस भांडतो.

आता २०२३ चा 'आदिपुरुष' बघा. तिथंही हनुमानाच्या तोंडी रस्त्यावरची बोली होती. लोक इतके चिडले की प्रदर्शनानंतर संवाद बदलावे लागले. मग जिजाईचं चालतं आणि हे का चालत नाही? कुणी म्हणेल, पूर्वीचे प्रेक्षक सहनशील होते, आताचे हळवे झालेत. थोडं खरं असेलही. पण आम्हांला कारण वेगळं वाटतं. जिजाईची बोली तिच्या रिकाम्या चुलीतून येते. ती बदलली तर बाईच उरत नाही. 'आदिपुरुष'मधली बोली टाळ्यांसाठी वरून चिकटवलेली. म्हणून तर ती काढता आली.

स्थानिक संस्कृती म्हणजे नुसता नऊवारी, फेटा किंवा शिवराळ वाक्य नव्हे. इथली माणसं देवाकडे काय मागतात, कशावरून रुसतात, हे कळणं म्हणजे ती संस्कृती. विमान तर 'संत तुकाराम'मध्येही येतं. पण तुकाराम वैकुंठाला निघाला तरी जिजाईचा जीव घरात आणि पोरांत अडकलेला असतो. ते आहे म्हणून विमान खरं वाटतं.

आज देव पडद्यावर अवाढव्य झालेत. त्यांच्यासमोर हात जोडता येतात, फार तर घोषणा देता येतात. भांडता येत नाही. हे नुकसान आम्हांला तंत्राच्या कुठल्याही उणिवेपेक्षा मोठं वाटतं. नवा पौराणिक चित्रपट बघाल, तेव्हा एवढंच तपासा: यात जिजाईला जागा आहे का?