आधी एफ, मग टी: एका रूढ क्रमाची चिकित्सा

दोन नमुन्यांची तुलना करताना आपल्याला एक ठरावीक क्रम शिकवला जातो: आधी एफ-चाचणीने प्रचरणे समान आहेत का ते पाहा, समान ठरली तर एकत्रित प्रचरण घेऊन टी-चाचणी करा. या क्रमाने परीक्षेत गुण मिळतात, पण निष्कर्ष बरोबर येईलच असे नाही.

‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या गॉसेट यांनी १९०८ च्या लेखात वापरलेले उदाहरण घ्या. १० रुग्णांना झोपेची दोन औषधे दिल्यावर झोप किती तासांनी वाढली, याची ही आकडेवारी आहे. पहिल्या औषधाचा मध्य ०.७५ व प्रमाण विचलन १.७९, दुसऱ्याचा मध्य २.३३ व प्रमाण विचलन २.००.

रूढ क्रमाने एफ = १.२५ येतो, ५ टक्के पातळीची द्विपुच्छ सीमा ४.०३ आहे. म्हणून प्रचरणे समान मानली. पुढे टी = १.८६, सीमा २.१०. म्हणजे औषधांत सार्थ फरक नाही!

हा निष्कर्ष का टिकत नाही ते पाहा.

पहिले, दोन्ही औषधे त्याच १० रुग्णांना दिली होती. नमुने परस्परांपासून स्वतंत्र नाहीत. त्यामुळे ही एफ-चाचणी आणि ही टी-चाचणी, दोन्ही येथे लागूच होत नाहीत. प्रत्येक रुग्णातील फरक काढला, तर त्यांचा मध्य १.५८, प्रमाण विचलन १.२३ आणि टी = ४.०६ येतो; सीमा २.२६. निष्कर्ष उलटला. माणसामाणसांतील तफावतीखाली औषधांतील फरक झाकला गेला होता.

दुसरे, १० निरीक्षणांवर शून्य परिकल्पना नाकारता आली नाही, म्हणजे प्रचरणे समान सिद्ध झाली असे नव्हे. त्यातच, मूळ वितरण प्रसामान्य नसेल तर एफ-चाचणी सहज फसते.

तिसरे, नमुने स्वतंत्र असते तरी एफ-चाचणीची पायरी गरजेची नव्हती. प्रचरणे समान न मानणारी वेल्चची चाचणी थेट करता येते. नमुने समान आकाराचे असल्यास तिचाही टी तेवढाच येतो.

विचलनातील फरक हाच तुमचा प्रश्न असेल, तर तो जरूर तपासा; मात्र जोडीच्या नमुन्यांसाठी पिटमन व मॉर्गन यांची १९३९ ची चाचणी वापरा. सूत्र निवडण्याआधी एवढे विचारा: ही निरीक्षणे कोणाची, आणि कशी घेतली?